आधी उतरणीचा हिशेब

डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४१, बँकेत नोकरी, आठ वर्षं रस्त्यावर पळतात, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ धावणार आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर सात दिवस सह्याद्रीत घालवायचे असा बेत आहे. त्या पळणार, मिस्टर चालणार. मिस्टर ४६ वर्षांचे, ट्रेकची सवय जुनी, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. पत्रासोबत तक्ता जोडलाय: हरिहर, कळसूबाई, रतनगड, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, नाणेघाट-जीवधन, भीमाशंकर आणि शेवटी लोणावळ्याहून राजमाची. सात दिवस, सात ठिकाणं. प्रश्न चार आहेत. हे जमेल का? रोज किती किलोमीटर पळायचं? बूट कोणते? आणि चौथा, सगळ्यात खाली: "मी पळत पुढे जाईन आणि तो एकटाच मागे राहील. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदाच आठवडाभर आम्ही दोघंच निघतोय. तसं व्हायला नको आहे."

प्रिय मैत्रीण,

तुमचा चौथा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तक्त्यातली खरी अडचण तुम्ही तिथेच पकडली आहे. आधी तक्त्याबद्दल बोलते, मग तिकडे येते.

हा तक्ता चढाईचा आहे. प्रत्येक ओळीत एक माथा आहे. पण सात दिवसांचा आठवडा माथ्यांवर बेतायचा नसतो, तो उतरणींवर बेतायचा असतो. चढताना दम लागतो, थांबलं की दोन मिनिटांत परत येतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं ओझं अडवून धरतो, आणि त्यात त्याला बारीक बारीक इजा होत राहते. ती त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळते. तुमच्या कागदावरच्या उतरणी मी ढोबळमानाने मिळवल्या, तर चार-पाच हजार मीटर भरतात. एवढं तुमच्या रस्त्यावर पळणाऱ्या पायांनी आजवर वर्षभरातही उतरलेलं नसेल. दम तुमचा उत्तम असणार याची मला खात्री आहे. म्हणूनच धोका जास्त. दम साथ देतो म्हणून माणूस पुढे जात राहतो आणि पाय मागे पडलेत हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा हिशेब तासांचा. तुम्ही आठवड्याला ३५ किलोमीटर पळता असं लिहिलंय. म्हणजे फार तर साडेचार तास. तक्त्यातला एकेक दिवस किमान सात तासांचा आहे, एकूण पन्नास तास. दहापट! त्यात हरिहरहून कळसूबाईला, हरिश्चंद्रगडावरून जुन्नरकडे, तिथून भीमाशंकरला, मग लोणावळ्याला, असा रोज संध्याकाळी गाडीतला प्रवास. दिवसभर चालून थकलेले पाय तीन तास जीपमध्ये दुमडून बसवले, रात्री दहाला जेवण, पहाटे चारला उठणं. पाचव्या दिवशी तुम्ही दोघं एकमेकांवर चिडलेले असाल, आणि चिडण्याचं कारण दोघांनाही सांगता येणार नाही.

किती वेळ लागेल ते ठरवायला एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. दहा किलोमीटर अंतर आणि नऊशे मीटर चढ असेल तर दोन आणि दीड, एकूण साडेतीन तास. हे न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचं गणित आहे, आणि तेही थंड हवेतलं. आपल्याकडे ऊन, घसारा, शिड्यांवरची रांग आणि गुडघा धरला तर मी त्याला सरळ दीडने गुणते. तुम्हीही गुणा. वेळ उरलाच तर झाडाखाली बसता येतं.

तेव्हा माझं सांगणं असं की एकच परिसर धरा. सातपैकी चार ठिकाणं यादीतून काढा आणि कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड एवढीच ठेवा. तिन्ही अकोले तालुक्यातली, एका अभयारण्यातली, आणि पहिली दोन तर भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवतीची. मुक्काम तीन-चार वाड्यांत, गाडीचे प्रवास छोटे. हरिहर कुठल्याही साध्या शनिवारी नाही, तर एखाद्या मंगळवारी रजा टाकून करा. त्या कोरीव पायऱ्यांवर गर्दीत उभं राहण्यात धोका आहे. भीमाशंकर आणि राजमाची तुम्हाला कर्जत लाइनवरून एकेका दिवसात होतात, त्यांना आठवडा खर्च करू नका. नळीची वाट मात्र या वर्षी पूर्ण विसरा. बेलपाड्याहून हजार मीटरच्या वर चढ, मोठाल्या धोंड्यांची घळ, मध्ये दोर लावावा लागणारे कातळटप्पे. तिथे माहीतगार गट लागतो आणि पूर्ण ताजे पाय लागतात. चौथ्या दिवशी, गुडघा दुखत असताना, दोघंच जण? अजिबात नको.

तारीखही बदला. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत कळसूबाईच्या शिड्यांवर लोकलसारखी रांग लागते. त्याच्या आधीचा आठवडा घ्या, रविवारी दुपारी निघून शनिवारी परत. सुट्टीवाले लोक खाली उतरत असतील तेव्हा तुम्ही वर पोचाल. मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे मध्ये चारएक आठवडे मिळतील, पाय पूर्ण भरून येतील. तिमाहीअखेर बँकेत रजा मागण्यापेक्षा हे साहेबांनाही सोपं जाईल. मुलीची शाळा तेव्हा चालू असेल, पण सासूबाई घरीच असतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना आतापासून विश्वासात घ्या.

आता आठवडा कसा जाईल ते सांगते.

रविवारी दुपारची कसारा लोकल. कसाऱ्याहून शेअर जीपने घोटी आणि तिथून बारी, कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. घरगुती मुक्काम मिळतो, पण फोन करून सांगून ठेवा, कारण चुलीवरचं जेवण माणसं मोजून होतं. संध्याकाळी अर्धा तास गावाभोवती फिरा, बस्स.

सोमवारी कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, बारीहून चढाई साधारण नऊशे मीटर. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही, म्हणून तुमच्या चौथ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. मिस्टरांनी पहाटे पाचला बॅटरी लावून निघायचं, सोबत गावातला एखादा मुलगा. तुम्ही साडेसहाला निघायचं. मोकळ्या टप्प्यांवर हळू पळा, चढावर हात गुडघ्यावर ठेवून भराभर चाला. डोंगरात पळणारे सगळेच चढ चालतात, त्यात कमीपणा काही नाही. शिखराच्या थोडं खाली विहीर आहे, तिथे ते तुमची वाट बघत असतील किंवा तुम्ही त्यांची. शेवटची शिडी बरोबर चढायची. वरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. उतरताना मात्र बरोबर, चालत. शिड्यांवर लोखंडाला दोन्ही हात, तोंड डोंगराकडे. दुपारी जेवून शेंडीमार्गे साम्रदला जा. मोठी बॅग जीपमध्ये, पाठीवर फक्त लहान.

मंगळवार तुमच्या पळण्याचा. साम्रद-घाटघर-रतनवाडी हा सगळा भाग गाडीरस्त्यांनी जोडलेला आहे, डिसेंबरात रहदारी तुरळक, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. सकाळी सात ते साडेआठ, पाऊण तास जायचं आणि पाऊण तास यायचं, किलोमीटर मोजायचे नाहीत. तेवढ्यात मिस्टर आरामात उठतील, चहा घेतील. नऊनंतर दोघांनी सांदण दरीत उतरायचं. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आकाशाची पट्टी, आणि सुरुवातीच्याच भागात थंड पाणी साचलेलं असतं, ते ओलांडून जावं लागतं. पुढे दोराशिवाय उतरता येत नाही तिथून परत फिरा. त्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचा मोह तुम्हाला होईल. घोटा मुरगळायला यापेक्षा चांगली जागा सह्याद्रीत नाही, तेव्हा हळू.

बुधवारी साम्रदहून त्र्यंबक दरवाजाने रतनगड, आणि उतरायचं रतनवाडीकडे. या दिवशी तुम्ही अजिबात पळायचं नाही. वाटेत रान आहे, फाटे आहेत, ढोरवाटा आहेत, आणि त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या उंच आणि कोरीव आहेत. गावातला वाटाड्या घ्या, त्याला ठरलेले पैसे हसतमुखाने द्या. माथ्यावरच्या नेढ्यात बसून डबा खा. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, त्यातून वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. तिथे वेळ द्या. उतरताना शिड्या, मग जंगल, मग ओढा आणि शेवटी अमृतेश्वराचं देऊळ. बूट काढून पुष्करणीच्या काठावर दहा मिनिटं बसा.

गुरुवार मोकळा. खरोखर मोकळा. रतनवाडीत झोपा, कपडे धुवा, देवळाचं कोरीवकाम नीट बघा. हा दिवस तुमच्या तक्त्यात नव्हताच, आणि मी त्यात घालतेय ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आठवड्यात काही बिनसलं, कुणाचं पोट बिघडलं, टाच सोलली, तर ते निस्तरायला हाच दिवस असतो. संध्याकाळी जीपने राजूरमार्गे पाचनईला पोचा. दोघांचेही पाय खरंच ताजे असतील तर एक दुसरा पर्याय आहे: रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतवरून पाचनई, चालत, वाटाड्या घेऊन, पूर्ण दिवसाची मजल. ही सह्याद्रीतली माझी आवडती चाल आहे. पण निर्णय बुधवारी रात्री घ्यायचा, तोही मिस्टरांनी. गुडघा त्यांचा आहे.

या खिंडीबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही पाच जण तिथून गेलो, चौथा दिवस होता. मी तेव्हा फार जोरात होते. उतारावर वाळलेलं गवत होतं, त्याखाली मुरूम. मी टाचांवर मागे रेलून, ब्रेक मारत उतरत होते आणि दर दहा पावलांना घसरत होते. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, इतक्या की उभं राहिलं तरी थांबेनात. तेवढ्यात मागून एक म्हातारबाबा आले. डोक्यावर फाट्यांची मोळी, पाय अनवाणी. त्यांनी मला ओलांडलं आणि मी त्यांच्या पावलांकडे बघत राहिले. पाऊल अगदी छोटं, वीतभर. टाच नाही, चवडा नाही, पूर्ण तळवा एकदम टेकायचा. गुडघे कायम थोडे वाकलेले. एका पायावर पूर्ण भार पडायच्या आत दुसरा पुढे गेलेला. अंग मागे नाही, किंचित पुढे. मोळी जागची हलत नव्हती. मी त्यांच्यामागे त्यांच्यासारखं चालायचा प्रयत्न केला आणि पंधरा मिनिटांत थरथर कमी झाली. पुढे कितीतरी पुस्तकी तंत्रं ऐकली, पण उतरणीवर पळणारे लोक जे शिकवतात ते याहून वेगळं नाही: छोटी आणि भराभर पावलं, गुडघा मऊ, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे. त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकीचा गुडघा सुजला आणि अंधारात दोन तास चालून आम्ही कुमशेत गाठलं. बॅटरी दोघांकडेच होती. चूक आमचीच होती, आम्ही मोकळा दिवस ठेवला नव्हता.

शुक्रवारी पाचनईहून हरिश्चंद्रगड. दोन-अडीच तासांची वाट, काही ठिकाणी कड्याला बिलगून, डोक्यावर कातळाचं छत आल्यासारखी. सहाला निघालात तर नऊपर्यंत मंदिरात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात मोठी पिंड आहे, चार खांबांपैकी एकच शाबूत. मग कोकणकडा. इथेही पठारावर तुम्हाला पळता येईल: मिस्टर मंदिर आणि पुष्करणी बघत बसतील तेवढ्यात तुम्ही तारामतीच्या दिशेने जाऊन या, परतायची वेळ ठरवून. कड्याच्या टोकापासून मात्र दहा पावलं लांब. तिथे वारा उलटा वर येतो, आणि टोकाशी जायचं ते पोटावर झोपून, असं आम्हाला शिकवलं होतं. दुपारी उतरून पाचनईतच मुक्काम. गडावर राहण्याबद्दल वनखात्याचे नियम बदलत असतात, गावात विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका. शनिवारी सावकाश राजूर, घोटी, कसारा आणि घरी.

या आखणीत साधारण तीस तास भरतात आणि उतरण दोन हजार मीटरच्या आसपास. तरीही तुमच्या नेहमीच्या आठवड्याच्या सहापट आहे. म्हणून आता, ऑक्टोबरात, तयारी सुरू करायची. नऊ आठवडे हातात आहेत. उतरणीचं एक चांगलं असतं: एकदा थोडं दुखून घेतलं की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उतरणीला पुरून उरतात. तुमची इमारत सात मजली आहे ना? एक फेरी म्हणजे सुमारे वीस मीटर. आठवड्यातून दोनदा दहा-दहा फेऱ्या, लक्ष उतरण्यावर, म्हातारबाबांच्या पावलांनी. मिस्टरांनी चारपासून सुरुवात करावी, कठडा धरून. आणि दर दुसऱ्या रविवारी कर्जत लाइन. नेरळहून रस्त्याने माथेरान चढा, दस्तुरी नाक्यापर्यंत सातशे मीटरच्या आसपास चढ मिळतो आणि परतताना तेवढीच उतरण. भिवपुरीहून गार्बेटची वाट जास्त गोड आहे, पण ऑक्टोबरात तिथे गवत कमरेएवढं असतं आणि अकरानंतर ऊन भाजून काढतं, पहिल्या लोकलने जा. कल्याणजवळ मलंगगडाच्या पायऱ्या तर तुमच्या घरामागेच आहेत. शेवटच्या दहा दिवसांत कमी करा.

गुडघ्याचं आताच दाखवून घ्या. हाडांच्या डॉक्टरांकडे, आणि शक्य तर फिजिओथेरपिस्टकडे. दुखणं कुठलं आहे हे न कळता गोळी खाऊन डोंगर उतरायचा नाही. दोन काठ्या घ्या, उतरताना त्या थोड्या लांब कराव्यात, शिडी आली की पाठीला अडकवायच्या. बाजारातल्या नकोत तर बांबूची एक सरळ काठीही चालते.

रोज किती किलोमीटर, या प्रश्नाचं उत्तर एव्हाना कळलं असेल. आकडा मनातून काढून टाका. मनगटावरचं घड्याळ आठवडाभर फक्त वेळ बघायला. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग.

बुटांबद्दल थोडक्यात. तुम्हाला ट्रेलचे बूट लागतील, तळाला खोल दाते असलेले. रस्त्यावरच्या बुटांपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा. बूट आत्ताच घ्या आणि माथेरानला वापरा, नवे कोरे बूट घालून बारीला उतरू नका. मिस्टरांकडे अ‍ॅक्शन कंपनीचे जुने ट्रेकचे बूट असतील आणि तळ झिजलेला नसेल तर तेच उत्तम, आपल्या कातळावर ते बरोबर धरतात. मोजे दोघांनाही तीन-तीन जोड. रोज संध्याकाळी एकमेकांचे पाय उजेडात बघा. टाचेवर लाल, गरम ठिपका दिसला की तिथेच चिकटपट्टी. फोड आल्यावर लावून उपयोग नसतो.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. नुसतं पाणी ढोसू नका, घामातून मीठही जातं, आणि फार पाणी पिऊन मीठ पातळ झालं तरी माणूस गळतो, गोंधळतो. ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळून, पाणी शुद्ध करायची गोळी टाकूनच. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची वडी, आणि घरून दशम्या, त्या तीन दिवस टिकतात. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट न बघता. बाकी पिठलं-भाकरी गावात मिळेल, आणि ती तुमच्या कुठल्याही एनर्जी बारपेक्षा चांगली आहे. डिसेंबरात रात्री तिथे चांगलीच थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

पाळीची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर स्वतःहून गोळ्या घेऊन ढकलू नका, डॉक्टरांशी बोला, किंवा मोकळा दिवस त्याप्रमाणे हलवा. वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून परत आणायचं, डोंगरात काही पुरायचं नाही.

थोडं काळजीचं. अंगावर अत्तर, परफ्यूम नको आणि कड्याखाली धूर करू नका, आग्या मोहोळं असतात. दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नका, फुरसं तिथेच बसतं. चावलंच तर कापणं, करकचून बांधणं काही नाही, तो अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात. ११२ आणि १०८ हे दोन नंबर सासूबाईंच्या हातात कागदावर लिहून द्या, सोबत रोजचा मुक्काम, त्या घरमालकाचा फोन, आणि "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर आधी या माणसाला विचारा" हे वाक्य. खोऱ्यात रेंज जाते, त्यामुळे उशीर झाला म्हणजे काही घडलं असं नाही, हेही त्यांना आधीच सांगा. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, बॅटरी प्रत्येकाकडे. प्रत्येकाकडे! आमच्या कुमशेतच्या रात्रीमुळे हे मी दोनदा लिहितेय.

आणि आता तुमचा चौथा प्रश्न. बघा, वरच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्याशिवाय एकट्या आहात असे फक्त तीन वेळ आहेत: सोमवारी सकाळी, मंगळवारी दीड तास, शुक्रवारी पठारावर. तिन्ही वेळी पुन्हा भेटण्याची जागा ठरलेली आहे, आणि तिथे कुणीतरी वाट बघतंय. उरलेले सगळे तास तुम्ही त्यांच्या चालीने चालणार आहात. माझ्या अनुभवात जोडीने डोंगरात जाणाऱ्यांमधला सगळ्यात मोठा त्रास वेगाचा नसतो. पुढचा माणूस वळणावर थांबतो, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचताक्षणी पुढचा "चला" म्हणून निघतो. याची विश्रांती झालेली असते, त्याची झालेलीच नसते. असं दिवसभर झालं की मागचा माणूस गप्प होतो. तुम्ही थांबलात तर ते आल्यावर आणखी पाच मिनिटं थांबा. त्यांना पाणी द्या, बाटलीचं झाकण लावा, मग त्यांनी "चल" म्हणू दे. फाट्यावर थांबायचंच, एकमेकांना दिसल्याशिवाय पुढची वाट धरायची नाही. आणि उतरताना ते पुढे, तुम्ही मागे. मागून येणाऱ्याला पुढच्याचा वेग धरावा लागतो, आणि गुडघा दुखतोय हे त्यांनी सांगायच्या आधी तुम्हाला त्यांच्या पावलांवरून दिसेल.

एक विनंती आहे. हे उत्तर तुम्ही एकटीने वाचून नवा तक्ता करू नका. पहिला तक्ता तुम्ही एकटीनेच केला होता असं पत्रावरून वाटतं. येत्या रविवारी दोघंही नेरळला जा, दस्तुरीपर्यंत चढा, उतरा, आणि मंगळवारी सकाळी कोणाच्या मांड्या किती दुखतात ते बघा. मग मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर दोघं कागद घेऊन बसा. मोकळा दिवस तेवढा ठेवा, बाकी काहीही तुम्ही बदलू शकता.

तुमची,
सदरलेखिका